समजून घ्या : गाडी बंद पडली तर पाना कोणी उचलायचा? लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उत्तर

महाल, नागपूर : महालाच्या एखाद्या अरुंद गल्लीत महागडी स्पोर्ट्स कार बंद पडली, तर टोइंगची गाडी आत शिरायलाही जागा नसते. अशा वेळी बोनेट उघडून काय पाहायचं, हे मालकाला ठाऊक असलेलं बरं. हीच सवय मराठी माणसाला लावणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव अगदी वरचं आहे. त्यांच्या उद्योगाची सुरुवात झाली ती सायकलपासून.

रंग ओळखता येईनात, मग?

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीनं ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे लक्षात आलं. त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. ते यंत्रांची रेखाचित्रं शिकले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. सुटा भाग कागदावर काढायचा तर तो आधी हातात घेऊन बघावा लागतो. यंत्रांची त्यांची खरी ओळख इथेच झाली.

सायकल म्हणजे त्या काळची स्पोर्ट्स कार?

जवळपास तसंच. परदेशातून येणारी सायकल तेव्हा ७०० ते १००० रुपयांना विकली जाई, असं सांगतात. मुंबईहून सायकली आणून बेळगावात विकायच्या, असा व्यवसाय लक्ष्मणराव आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी उभा केला. गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवण्याची फी होती १५ रुपये. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ सालची मानतो, ती याच दुकानापासून.

दुकानातून कारखाना कसा निघाला?

पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. विदर्भासारख्या काळ्या जमिनीत हरळी-कुंद्याच्या मुळ्या खणून काढायला खोल जाणारा नांगर हवाच असतो. पण त्याचा फाळ मातीत घासून झिजतो आणि बदलावा लागतो. म्हणजे यंत्र विकून काम संपत नाही, ते गावातही दुरुस्त व्हावं लागतं.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना हलला आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे तिथे पंपही तयार झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं.

आजच्या कारमालकानं काय घ्यायचं?

इंजिन ऑइल : गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. काही नव्या स्पोर्ट्स कारमध्ये डिपस्टिक नसते, तिथे पातळी स्क्रीनवर दिसते.

टायर : हवा टायर थंड असताना तपासा. किती हवी, ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं.

कूलंट : इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर उडतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पातळीवर जास्तच लक्ष हवं.

जॅक : गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

एअरबॅग, ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा आणि हायब्रिड गाड्यांच्या नारिंगी वायरींना हात लावू नका. ते काम प्रशिक्षित मेकॅनिकचं.

सगळी दुरुस्ती घरीच करावी, असा याचा अर्थ नाही. पण आपल्या यंत्रात कुठे काय आहे हे माहीत असलं, की मेकॅनिकला नेमका प्रश्न विचारता येतो आणि नको तो खर्च टळतो. लक्ष्मणरावांची वाटही यंत्र समजून घेण्यापासूनच सुरू झाली होती.