विश्लेषण : मलावीच्या सफारीचा नाशिकशी संबंध काय? कोण होता जेम्स चुमा?

चांदवडहून महामार्गाने तासाभरात नाशिक येते. तिथला शरणपूर रोड सगळ्यांच्या परिचयाचा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांची शाळा या शरणपुरात होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सध्या सफारीसाठी मलावीसारख्या छोट्या देशाचा विचार करणाऱ्यांनी या मुलांची, आणि त्यांच्या सोबतच्या चुमाची, गोष्ट जाणून घ्यावी.

मुंबईला कसा आला?

चुमा याओ समाजातला, जन्म १८५० च्या आसपासचा. १८६१ मध्ये आजच्या मलावीतील शिरे नदीजवळ डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि मिशनरींनी त्याला गुलामांच्या तांड्यातून सोडवले. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन त्याला छोट्या आगबोटीतून मुंबईला घेऊन आला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून गेला.

मोहिमेची तयारी कुठे चुकली?

जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून पुन्हा निघाला. सोबत चुमा, नाशिकची ९ मुले, हिंदी शिपाई, शिवाय उंट आणि म्हशीसुद्धा! त्सेत्से माशीच्या चाव्यापुढे ही जनावरे टिकतात का, हे त्याला पाहायचे होते. जनावरे मेली, त्यात माशीइतकाच ओझ्याचा आणि मारहाणीचा वाटा होता. शिपायांना परत पाठवावे लागले. जानेवारी १८६७ मध्ये औषधांची पेटी घेऊन एक हमाल पळाला. नंतरची सहा वर्षे दुखण्यांनी पोखरलेल्या लिव्हिंग्स्टनसाठी हा घाव सर्वांत मोठा ठरला.

मे १८७३ मध्ये तो वारला. चुमा, सुसी आणि नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटसह साथीदारांनी त्याचे हृदय तिथेच पुरले, देह मिठाने व उन्हात सुकवला आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवत समुद्रकिनारी आणला. लंडनच्या अंत्यविधीला मात्र यांपैकी एकटा जेकब पोहोचला. चुमा आणि सुसी यांना इंग्लंडला बोलावले गेले ते सगळे आटोपल्यावर.

पुढे काय केले?

खरे तर चुमाचे मोठेपण यानंतरचे. १८७९ मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेचा प्रमुख वारला आणि सूत्रे २१ वर्षांच्या जोसेफ थॉमसनकडे आली. सुमारे दीडशे हमालांचा तांडा जमवण्याचे व हाकण्याचे काम चुमाकडे होते. सरोवरांपर्यंत जाऊन ही मोहीम सुखरूप परतली. सफारीचा स्वाहिलीतला अर्थच प्रवास, आणि तो कसा आखावा हे साहेबापेक्षा त्याला अधिक कळत होते. १८८२ मध्ये झांझिबारला क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

आज जायचे तर?

मलावी महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा, कारण तेव्हा प्राणी पाण्याकाठी दिसतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्यात आणि औषधे हाताशी ठेवावीत. लिवोंडे राष्ट्रीय उद्यानात शिरे नदीतून बोटीने फिरताना हत्ती आणि पाणघोडे दिसतात. चुमाची सुटका झाली तो डोंगराळ मुलूख याच नदीच्या बाजूला आहे.