शेंदूर लावलेला दगड आणि गारेचे पाते

मुळशीच्या डोंगरातून उतरलेली मुठा पुण्यात शिरते तेव्हा तिच्या डाव्या अंगाला टेकड्यांची रांग लागते. भांडारकर रस्त्यावर राहणारे दामोदर धर्मानंद कोसंबी या टेकड्यांवर फिरायला जात, ते जमिनीकडे बघत. इतरांना जिथे खडी दिसे, तिथे त्यांना नखाएवढी, कडा तासलेली गारेची पाती सापडत.

दख्खनच्या काळ्या दगडातील पोकळ्यांमध्ये गारा तयार होतात. गार फोडली की काचेसारखी धार निघते. मध्याश्मयुगातील माणूस अशी बारीक पाती लाकडात किंवा हाडात डिंकाने बसवी. त्यातून बाण होई, सुरी होई. यांनाच सूक्ष्मास्त्रे म्हणतात.

कोसंबी मूळचे गणिती. जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतल्यावर बनारस, अलिगड आणि मग फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिकवले. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही वापरात आहे. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. जुनी नाणी वजन करून त्यांचा काळ ठरवू पाहणारा हा माणूस दगडांकडे वळला, यात नवल नाही.

दगड गोळा करून ते थांबले नाहीत. ते वापरणारा माणूस अजून कुठे आहे का, याचा त्यांनी शोध घेतला आणि तो सापडलाही. मेंढे खच्ची करताना धनगर गार फोडून तिच्या ताज्या कपच्यांनी काम करतात, याची त्यांनी नोंद केली. घरात लोखंडी सुरी असताना दगड कशाला? ताज्या फुटीची धार आधी कशालाही लागलेली नसते. वापरून न उकळलेल्या सुरीवर मात्र जंतू असतात आणि जखम चिघळते. (ज्वालामुखीच्या काचेची पाती आधुनिक शल्यविशारदांनीही वापरून पाहिली आहेत. घरी मात्र कुणी हा प्रयोग करू नये.)

दुसरी गोष्ट अधिक खोल आणि अधिक वादाची. गावाच्या शिवेवर, डोंगरवाटांच्या तिठ्यावर देवीचा तांदळा असतो. घडवलेली मूर्ती नाही, नुसता शेंदूर लावलेला दगड. अशा ठाण्यांजवळ कोसंबींना वारंवार सूक्ष्मास्त्रे मिळाली. त्यावरून त्यांनी मांडले, की नांगर येण्याआधी शिकारी आणि पशुपालक टोळ्या ऋतूप्रमाणे ज्या वाटांनी हिंडत, त्या वाटा जिथे मिळत तिथे त्या टोळ्या भेटत, देवघेव करत आणि पूजाही करत. लोक बदलले, देवीचे नाव बदलले, जागा मात्र टिकली. कार्ल्याची एकवीरा आणि बेडश्याची यमाई बौद्ध लेण्यांच्या शेजारी का, याचे उत्तरही ते याच जुन्या वाटांमध्ये शोधत. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त हा विचार सविस्तर आला.

यात एक दुबळा दुवा आहे. ही पाती पृष्ठभागावर वेचलेली, त्यामुळे त्यांचा काळ सांगणे अवघड. शिवाय दख्खनमध्ये ती इतक्या ठिकाणी मिळतात, की देवीजवळ मिळाली म्हणून ती पूजेची, असे म्हणता येत नाही. पण खणल्याशिवाय बोलायचेच नाही, असे ठरवले असते तर धनगराच्या हातातली कपची कुणाला दिसलीच नसती.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. सांधेदुखी जुनी होती, तरी भटकंती चालूच राहिली. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. भारतातील जिवंत प्रागितिहासावरचा त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये छापून आला, तो पुढच्या वर्षी.