पंचावन्न मैलांची गाडी आणि मन्रोआजोबा

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. मराठीत शेवटचा निबंध दहावीत लिहिला, तोही पावसाळ्यावर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या.

झालं असं, की माझ्या रूम पार्टनरने नवी ऑफ-रोड बाईक घेतली. म्हणजे त्याच्या वडिलांनी घेऊन दिली, पतसंस्थेचं कर्ज काढून. रस्त्यावर गाडी बरी चालायची, पण होस्टेलमागच्या मुरमाच्या टेकडीवर दुसऱ्या गिअरमध्ये जीव टाकायची. मी मेकॅनिकल टी.ई.ला, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ऐटीत निदान केलं: इंजिनला श्वास घेता येत नाही, एअर फिल्टर काढून टाक. त्याने काढला. महिनाभर टेकडीची धूळ सरळ सिलिंडरमध्ये गेली. होती ती पॉवरही गेली आणि पिस्टन-रिंगचं बिल गावी काकांकडे गेलं. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी बर्ट मन्रो यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्यांच्यावरचा २००५ सालचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. खरी गोष्ट सिनेमापेक्षा खूप संथ आहे, आणि मला तीच जास्त आवडली.

हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल इथे झाला. लहानपण शेतावर गेलं. १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी (म्हणजे माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे!) त्यांनी कोरी करकरीत इंडियन स्काउट घेतली. नावावर जाऊ नका, कंपनी अमेरिकन. सुमारे ६०० सीसीचं व्ही-ट्विन, साइड व्हॉल्व्ह इंजिन, तीन गिअर आणि टॉप स्पीड ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर. त्या काळात हा वेग कमी नव्हता. मन्रोंना मात्र तो पुरेना. १९२६ पासून त्यांनी त्या गाडीला हात घातला, तो पुढे चाळीस वर्षं काढलाच नाही.

दिवसा मोटरसायकली विकायच्या आणि रात्री शेडमध्ये खटपट करायची, असा त्यांचा दिनक्रम. पैसा बेताचा, त्यामुळे पार्ट विकत आणायचा प्रश्नच नव्हता. जुन्या डब्यांत धातू ओतून त्यांनी पार्ट बनवले. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, सगळं घरचं. ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड घासून काढले. मायक्रोमीटर म्हणून चाकाचा एक जुना स्पोक वापरला. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये डिजिटल व्हर्नियर आहे आणि आम्ही जॉबचं माप शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवतो, हे इथे कबूल केलेलं बरं.

त्यांनी नेमकं केलं काय? साइड व्हॉल्व्ह इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण बाजूने, वळण घेऊन आत येतं आणि कॉम्प्रेशनही फार वाढवता येत नाही. मन्रोंनी व्हॉल्व्ह डोक्यावर नेले आणि त्यासाठी चार कॅमची रचना स्वतः केली. म्हणजे श्वास मोकळा करायचा हे माझं निदान तत्त्वतः बरोबर होतं. फक्त मी गाळणीच फेकून दिली! बोअर वाढवत वाढवत ६०० सीसीचं इंजिन शेवटी ९५० सीसीपर्यंत पोहोचलं. पण नुसत्या इंजिनाने भागत नाही. हवेचा विरोध तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८९ वरून २९५ किलोमीटर म्हणजे वेग सव्वातीन पट, पण गाडीचा आकार तोच ठेवला तर पॉवर जवळजवळ छत्तीस पट हवी! म्हणून त्यांनी गाडीला माशासारखं निमुळतं कवच चढवलं.

अपयशाची मोजदाद नाही. फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड त्यांनी फडताळावर मांडून ठेवले होते, वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य म्हणून. या नादाची किंमतही मोठी होती. लग्न झालं, चार मुलं झाली, पण संसार टिकला नाही. पुढे ते त्या शेडमध्येच राहायचे. हे वाचताना मी थांबलो. एवढं द्यावं का एका यंत्राला? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं सपाट मैदान आहे. तिथे १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी ८५० सीसीवर ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ मध्ये, ६८ व्या वर्षी, ९५० सीसीवर २९५.४५ किलोमीटर! गाडी तेव्हा ४७ वर्षांची. त्याच वेळी पात्रता फेरीत एका दिशेने त्यांनी ३०५ ओलांडले होते.

६ जानेवारी १९७८ रोजी आजोबा गेले. (रूमवर आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो.) पण हिशोब बाकी होता. त्यांचा मुलगा जॉन याच्या लक्षात आलं, की १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना गणित चुकलंय. २०१४ मध्ये आकडा दुरुस्त झाला: ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६ किलोमीटरच्या किंचित वर. फरक अर्ध्या मैलाचा, पण मुलाने तो सोडला नाही.

आता आमची गाडी. रिंग बसवून आल्यावर या वेळी आम्ही आधी मोजलं. स्टँडवर लावून मागचं चाक फिरवलं, तर ते अडत होतं. ब्रेक घासत होता, चेन नको तितकी ताणलेली होती आणि टायरमध्ये हवा कमी. कुठलाही पार्ट न बदलता निम्मी सुस्ती गेली. मग मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढवले. पॉवर वाढली नाही, टॉप स्पीड थोडा घटला, पण ओढ वाढली. गाडी आता टेकडी चढते. फिल्टर जागेवर आहे.

बिलाचे अर्धे पैसे मी काकांना हप्त्याने देतोय. ते नको म्हणतात. पण हिशोब म्हणजे हिशोब.