सुभेदार रामजी सकपाळ : छावणीतील शाळा आणि घरातील शाळा

युद्धांचा इतिहास आपण लढायांच्या तारखांनी शिकतो. परंतु सैन्यात कोणाला घ्यावे व कोणाला वगळावे, या राजकीय निर्णयांनी समाज कसा घडतो आणि मोडतो, हे पाहायचे असेल तर आम्हांला सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र आठवते.

रामजींचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करात गेले. मुंबई लष्कराला शिपाई हवे होते, म्हणून महारांना तेथे प्रवेश होता. गावात ज्यांना शाळेची पायरी वर्ज्य होती, त्यांच्या मुलांना छावणीत शिक्षण सक्तीचे होते. हा राज्यकर्त्यांचा परोपकार नव्हता. ती लष्कराची गरज होती. रामजींनी त्या संधीचे सोने केले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले व चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला.

पुढच्याच वर्षी दार बंद झाले. १८५७ च्या उठावानंतर बळावलेल्या ‘लढाऊ जाती’च्या धोरणाने १८९२ मध्ये महारांची भरती थांबली. १८१८ साली कोरेगावी ज्यांच्या पूर्वजांनी रक्त सांडले, तेच आता लढाऊ ठरेनात. पुढील पिढीची नोकरी, निवृत्तिवेतन आणि शाळा एकदमच गेली. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही.

तेव्हा त्यांनी घराचीच शाळा केली. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत ते भीमरावांना पहाटेपूर्वी अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण पडत. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस गेले.

पहिल्या महायुद्धात निकड भासताच १९१७ मध्ये महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट स्थापन झाली. गरजेपोटी उघडलेले दार गरज सरताच बंद होते, हे बाबासाहेबांनी पित्याच्या आयुष्यात पाहिले होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती समाजाच्या हाती स्वतःची शाळा असावी म्हणून.

आपल्या विद्यालयाचे वसतिगृह त्याच वाटेवर उभे आहे. येथे पहाटे दिवे लागतात, तेव्हा आम्हांला परळची ती खोली आठवते. माजी विद्यार्थ्यांनो, हा दिवा तेवत ठेवणे आता तुमच्या हाती आहे.