बेगम समरूचे मृत्युपत्र



नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. आपण कबरी स्वच्छ करतो, मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. पण त्याच आईवडिलांच्या मागे सातबारावर कोणाचे नाव चढवायचे, यावरून काही घरांत भावाभावांचे बोलणे बंद झालेले असते. म्हणून या रविवारी एका कॅथोलिक स्त्रीचे आणि तिच्या मृत्युपत्राचे चरित्र सांगावेसे वाटते.

तिचे मूळचे नाव फरजाना. वॉल्टर रेनहार्ट नावाचा एक युरोपियन भाडोत्री सरदार होता, लोक त्याला समरू म्हणत. पाटण्यात १७६३ साली झालेल्या इंग्रज कैद्यांच्या कत्तलीमुळे तो बदनाम झाला होता. फरजाना त्याच्या आश्रयाला आली आणि बेगम समरू म्हणून ओळखली जाऊ लागली. १७७८ साली आग्र्याला समरू वारला. तेव्हा मेरठजवळच्या सरधना येथील जहागीर आणि फौज या दोन्ही गोष्टी तिने आपल्या हाती घेतल्या. १७८१ साली आग्र्यात तिने बाप्तिस्मा घेतला. नाव ठेवले जोआना.

आपल्या मुलखाशीही तिचा संबंध आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध उभे होते. भंडारा तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात होता. त्या लढाईत बेगमेच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या. पुढे तिने इंग्रजांशी समझोता करून हयातभर जहागीर राखली.

ती संत नव्हती. तिच्या कठोर शिक्षांच्या कथा प्रवाशांनी लिहून ठेवल्या आहेत. पण श्रद्धा तिने अखेरपर्यंत जपली. सरधना येथे तिने कृपामातेचे भव्य चर्च उभारले. त्यावर १८२२ हे साल कोरलेले आहे. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्याला बॅसिलिकेचा मान दिला.

बेगमेला स्वतःचे मूल नव्हते. समरूला पहिल्या बायकोपासून झालेला मुलगा जफरयाब खान. त्याची मुलगी जॉर्ज डाइस यांना दिली होती. त्यांचा मुलगा डेव्हिड, जन्म १८०८ चा, याला बेगमेने पोटच्या मुलासारखे वाढवले. १६ डिसेंबर १८३१ रोजी तिने मृत्युपत्र केले आणि मुख्य वारस त्यालाच नेमले. शिवाय हयातीतच तिने चर्चच्या देखभालीसाठी, सरधन्याच्या गरिबांसाठी आणि धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयासाठी मोठ्या रकमा वेगळ्या काढून दिल्या. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या कॅथोलिक मिशनांनाही ती विसरली नाही.

२७ जानेवारी १८३६ रोजी तिचे निधन झाले. जहागीर कंपनी सरकारने लगेच ताब्यात घेतली. डेव्हिडच्या हाती प्रचंड पैसा आला, आणि त्याच्या सख्ख्या वडिलांनीच त्याच्यावर कलकत्त्यात दावा लावला. निकालापूर्वीच, १८३८ मध्ये, वडील वारले. डेव्हिड इंग्लंडला गेला, एका मोठ्या घराण्यातील मुलीशी त्याने लग्न केले. १८४१ साली तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला, पण मतदारांना लाच दिल्यावरून पुढच्याच वर्षी ती निवड रद्द झाली. १८४३ साली त्याला वेडा ठरवून त्याच्या संपत्तीचा ताबा काढून घेण्यात आला. आपण शहाणे आहोत हे सिद्ध करण्यात त्याची उरलेली वर्षे गेली. १ जुलै १८५१ रोजी लंडनमध्ये तो वारला.

त्यानेही मृत्युपत्र केले होते. बहुतेक पैसा सरधना येथे शाळा काढण्यासाठी द्यावा, असे त्यात होते. एका बाजूला पत्नी, बहिणी आणि त्यांचे नवरे, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकार, असा खटला उभा राहिला. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाने दिलेली मान्यता. त्यासाठी मृताचे आजोबा-पणजोबा कोण, तो कोणावर रागावला होता, कसा वागत होता, हे सारे साक्षीपुराव्याने कागदावर आले. या घराण्याच्या पिढ्यांचा माग आज आपल्याला लागतो तो बराचसा याच कागदांवरून. एवढे ओळखीचे झालेले हे घराणे मनाने मात्र पार दुभंगले होते. १८५६ साली न्यायालयाने मृत्युपत्र रद्द ठरवले. शाळेचा पैसा सरधन्याला मिळाला नाही.

बंधुभगिनींनो, एकाच तिजोरीतून दोन वाटा निघाल्या. देवाच्या घरासाठी आणि गरिबांसाठी बेगमेने जे हयातीत आपल्या हाताने दिले, त्याची साक्ष आजही सरधन्याला आहे. एका माणसाच्या नावावर जे ठेवले, त्याने त्या माणसालाही सुख दिले नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, मालमत्ता सांभाळताना ती आपली मानावी, पण वापरताना सर्वांची समजून गरजवंताला द्यायला तयार असावे. मृत्युपत्र हा केवळ वकिलाचा कागद नाही. आपण कोणाला आपले मानले, याचा तो शेवटचा कबुलीजबाब असतो.

तेव्हा शेत दीड एकर असो की दोन खोल्यांचे घर, हातपाय धड आहेत तोवर मुलांना एकत्र बसवा. लेकींनाही बोलवा. मनात आहे ते सांगा, नीट लिहून ठेवा, साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यात गरिबाचा एखादा वाटा ठेवता आला तर जरूर ठेवा.

बेगमेचा सरधना येथील महाल पुढे कॅथोलिक मिशनकडे आला आणि तिथे शाळा भरू लागली. डेव्हिडच्या मृत्युपत्रातली इच्छा न्यायालयात हरली, पण परमेश्वराच्या दारी ती वाया गेली नाही असे मला वाटते. या महिन्यात आपल्या मृतांबरोबर त्या दोघांसाठीही एक प्रार्थना करू या.

– आपला धर्मगुरू