तारेवर आवाज टिपणारा पॉल्सेन

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला जुना कॅसेट डेक उघडून दाखवला, तर फार समजावून सांगावे लागत नाही. एका रिळावरून सुटायचे, दुसऱ्यावर गुंडाळायचे आणि मधल्या वाटेत ताण सांभाळायचा. ताण सैल पडला की गुंता, जास्त झाला की तुटणे. वाल्देमार पॉल्सेन या डॅनिश तंत्रज्ञाने १८९८ मध्ये आवाज साठवला तो याच रीतीने, धावत्या धाग्यावर. त्याचा धागा मात्र पोलादी तारेचा होता. (आपल्याकडच्या लोण्याच्या पोल्सनशी त्याचा काही संबंध नाही.)

पॉल्सेनचा जन्म २३ नोव्हेंबर १८६९ रोजी कोपनहेगनला झाला. विद्यापीठात तो विज्ञान शिकत होता, पण पदवी न घेताच बाहेर पडला आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागला. तिथे रोजची एक अडचण त्याच्या डोळ्यांसमोर होती. फोन वाजतो, उचलायला कोणी नसते आणि निरोप वाया जातो. तो निरोप यंत्रानेच धरून ठेवला तर?

ही कल्पना अगदी कोरी नव्हती. ओबरलिन स्मिथ या अमेरिकन अभियंत्याने १८८८ मध्येच, सुती किंवा रेशमी धाग्यात पोलादाचा चुरा मिसळून त्यावर आवाज साठवता येईल, असे लिहिले होते. चालणारे यंत्र मात्र त्याच्या हातून झाले नाही. ते पॉल्सेनने केले. बोलताना मायक्रोफोनमधून जाणारा विद्युतप्रवाह कमीजास्त होतो. तो प्रवाह विद्युतचुंबकाला दिला आणि चुंबकासमोरून तार पळवली, की तारेच्या कणाकणात आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त चुंबकत्व उतरते. तीच तार पुन्हा चुंबकासमोरून नेली, की वेटोळ्यात तसाच प्रवाह उमटतो आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये शब्द ऐकू येतात. तार सेकंदाला सुमारे दोन मीटर धावायची. कॅसेटची फीत धावते जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर.

एडिसनच्या फोनोग्राफमध्ये सुई खाच पाडते आणि दर वेळी ऐकताना ती खाच झिजवते. पॉल्सेनच्या तारेत खाचच नव्हती. शिवाय स्थिर प्रवाह सोडला की जुना आवाज पुसला जाई आणि तार नव्या निरोपासाठी मोकळी होई. निरोप घेणाऱ्या यंत्राला हे फार सोयीचे. पण घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज ज्या कॅसेटवर आहे, तिच्यासाठी हाच गुण घातक ठरतो.

सेकंडहँड डेक घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. वर्षानुवर्षे वापरलेल्या डेकच्या हेडमध्ये थोडे चुंबकत्व मुरलेले असू शकते. ते प्रत्येक वेळी टेपवरचे बारीक, उंच स्वर थोडे थोडे पुसत जाते. म्हणून डेक आणला की आधी हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावे, डीमॅग्नेटायझर फिरवून घ्यावा (कॅसेट लांब ठेवूनच) आणि मऊ पडलेला रबरी पट्टा बदलावा. पहिल्यांदा लावायची ती गेली तरी चालेल अशी कॅसेट. जपायच्या कॅसेटच्या कडेवरचे दोन छोटे तुकडे मोडले, की रेकॉर्डचे बटण तिच्यापुरते दबत नाही. भिवंडीच्या पावसाळी दमटपणात फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी हेडला आणि तिथून दुसऱ्या कॅसेटला लागते. ती झटकताना तोंडावर मास्क हवा, आणि दमेकऱ्याने त्या कामात पडूच नये.

पॉल्सेनने यंत्राला नाव दिले टेलिग्राफोन. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला ग्राँ प्री मिळाले. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ यानेही तिथे त्यात आपला आवाज भरला. एवढे कौतुक होऊनही धंदा बसला नाही. १९०३ मध्ये अमेरिकेत यासाठी कंपनी निघाली आणि पुढे बुडाली. आवाज इतका क्षीण येई की कानाला फोन लावल्याशिवाय ऐकूच येत नसे. तो मोठा करणारा अँप्लिफायर अजून यायचा होता. तारही पीळ खाऊन गुंतायची.

पॉल्सेन मात्र तिथे अडून बसला नाही. विद्युत कमानीतून अखंड रेडिओलहरी काढणारे त्याचे प्रक्षेपक पुढे अमेरिकन नौदलाने वापरले, आणि त्याच्या हयातीत नाव झाले ते मुख्यतः त्यासाठी. आवाजाच्या कामाला दुसऱ्यांनी हात घातला. जर्मनीत फ्रिट्झ प्फ्लॉयमरने १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून फीत केली, १९३५ मध्ये बर्लिनला मॅग्नेटोफोन लोकांपुढे आला आणि १९६३ मध्ये फिलिप्सने ती फीत खिशात मावणाऱ्या डबीत घातली. ही डबी पाहायला पॉल्सेन नव्हता. २३ जुलै १९४२ रोजी, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, तो वारला.

सम्राटाचे बोल असलेली तार डेन्मार्कमधल्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. आज ऐकता येणारे चुंबकीय ध्वनिमुद्रणांतले हे सर्वांत जुने. यंत्र पुसून पुन्हा भरण्यासाठीच बनवलेले होते, पण या तारेवर नंतर कोणी काही भरले नाही.