विश्लेषण : अणुशक्तीच्या काळात सौरऊर्जेचा आग्रह धरणारे दा. ध. कोसंबी कोण होते?

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधावर आणि घरांच्या छतांवर आता सौर पॅनल दिसू लागले आहेत. जंगलालगतची वस्ती किंवा शेतावरचे एकटे घर, जिथे विजेची तार नेणे महाग पडते, तिथे पॅनल आणि बॅटरीवर दिवे लावता येतात. ऊर्जा जिथे हवी तिथेच तयार करावी, हा विचार भारतात सहा दशकांपूर्वी ठामपणे मांडणाऱ्यांमध्ये एक मराठी गणिती होते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. बहुतेकांना ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत. मात्र सूर्य की अणू, या वादात त्यांनी घेतलेली बाजू आणि त्याचे परिणाम फारसे चर्चेत येत नाहीत.

गोव्यात जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे विख्यात अभ्यासक. पाली ग्रंथांच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले होते. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा ११ वर्षांचा दामोदरही सोबत होता. पुण्यात सुरू झालेले शिक्षण अमेरिकेत पुढे गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून त्यांनी अव्वल दर्जाने पदवी घेतली.

त्याच वर्षी ते भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ मुस्लीम विद्यापीठ आणि त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. फर्ग्युसनमध्ये त्यांनी सुमारे १२ वर्षे गणित शिकवले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४० च्या दशकात त्यांनी जनुकशास्त्रासाठी मांडलेले सूत्र आजही ‘कोसंबी मॅप फंक्शन’ या नावाने जगभर वापरले जाते. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्यासाठी ते उपयोगी पडते.

गणिती माणूस इतिहासाकडे कसा वळला?

संख्याशास्त्राची पद्धत वापरून पाहण्यासाठी कोसंबींनी जुनी नाणी हाती घेतली. नाणे वापरात असले की झिजते आणि हलके होते. हजारो नाण्यांची वजने करून ती किती काळ चलनात होती, याचा अंदाज त्यांनी बांधला. नाण्यांवरून ते राजांकडे, संस्कृत ग्रंथांकडे आणि तिथून समाजाच्या इतिहासाकडे गेले. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, लेणी आणि वाड्या-वस्त्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या. अश्मयुगीन दगडी हत्यारे गोळा केली, धनगरांच्या वाटा आणि गावदेवतांची ठाणी तपासली.

१९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजांच्या याद्यांपेक्षा लोक काय पिकवत होते, कोणती अवजारे वापरत होते आणि उत्पादन कोणाच्या हाती जात होते, हे प्रश्न त्यात मध्यवर्ती होते. पुढे ऊर्जेच्या प्रश्नाकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले.

टीआयएफआरमध्ये मतभेद कशावरून झाले?

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर स्थापन केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावून घेतले. घर पुण्यात आणि संस्था मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास त्यांच्या दिनक्रमाचा भाग बनला. सुरुवातीला दोघांचे संबंध चांगले होते.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. त्याचे अध्यक्षही भाभाच होते. देशाची विजेची गरज अणुशक्तीतून भागवण्याची स्वप्ने रंगू लागली. कोसंबी मात्र जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते आणि अणुऊर्जेच्या खर्चाबद्दल त्यांना गंभीर शंका होत्या. श्रीमंत देशांत अणुवीज स्वस्त दिसते, कारण तिचा मोठा खर्च लष्कराच्या हिशेबात गेलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. किरणोत्सर्गाचा धोकाही त्यांनी मांडला. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये भारत आणि अणुऊर्जा या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले. ज्या संस्थेचे प्रमुख अणुकार्यक्रमाचेही प्रमुख होते, त्याच संस्थेतला प्राध्यापक ही भूमिका जाहीरपणे घेत होता.

सूर्यच का?

कोसंबींचा मुद्दा केवळ इंधन फुकट मिळते, एवढाच नव्हता. भारतात कोळसा आणि जलविद्युतीच्या जागा ठरावीक भागांतच आहेत. तिथे वीज तयार करून देशभर तारा पसरवायच्या, तर सुरुवातीलाच प्रचंड भांडवल लागते. ऊन मात्र प्रत्येक गावात पडते. त्यामुळे ग्रिड असो वा नसो, स्थानिक गरज स्थानिक पातळीवर भागवता येईल आणि छोट्या उद्योगांनाही बळ मिळेल, अशी त्यांची मांडणी होती. मोठी गुंतवणूक आणि नोकरशाही टाळून सामान्य माणसापर्यंत पोहोचणारा हा मार्ग त्यांना समाजवादाशी सुसंगत वाटत होता. १९६४ मध्ये दिल्लीच्या ‘सेमिनार’ मासिकात त्यांनी अविकसित भागांसाठी सौरऊर्जा या विषयावर लेख लिहिला.

त्यांची एक अट होती. शोधनिबंध लिहिणे, परिषदांना जाणे आणि अनुदाने मिळवणे म्हणजे संशोधन नव्हे. ते लोकांच्या वापरात उतरले पाहिजे, यावर त्यांचा भर होता.

त्या काळी सौरवीज शक्य होती का?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर सेल १९५४ मध्ये जाहीर केला. पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्केच ऊर्जेची त्यातून वीज होत असे आणि एका वॉटची किंमत शेकडो डॉलर होती. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड-१’ उपग्रहावर असे सेल बसवले गेले, पण घरासाठी ते परवडणे शक्यच नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात आणलेली सौरचूलही बाजारात रुजली नाही. त्यामुळे कोसंबींच्या विरोधकांकडेही सबळ मुद्दे होते. रात्री वीज कुठून आणायची आणि मोठे कारखाने कसे चालवायचे, याचे उत्तर तेव्हाच्या तंत्रज्ञानाकडे नव्हते.

नोकरी का गेली?

१९६२ मध्ये टीआयएफआरने कोसंबींच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. त्यामागे दोन कारणे सांगितली जातात. अणुकार्यक्रमाला असलेला उघड विरोध हे पहिले. दुसरे गणितातले. १९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतक हा गणितातील अत्यंत अवघड प्रश्न सोडवल्याचा दावा कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला होता. तो टिकला नाही आणि गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला.

वयाच्या ५५ व्या वर्षी ते संस्थेबाहेर पडले, पण लेखन थांबले नाही. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याची महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी हे त्यांचे कामाचे ठिकाण झाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला होता. देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झाले. ते पाहायला दोघेही नव्हते. भारतीय टपाल खात्याने २००८ मध्ये कोसंबींवर तिकीट काढले.

भंडाऱ्याच्या वाचकाला हा विचार ओळखीचा का वाटेल?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पाऊस जिथे पडतो तिथेच तो अडवायचा, या हिशेबाने कोहळी समाजाने गावोगावी तलाव बांधले. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात बोड्या केल्या. एका मोठ्या धरणावर अवलंबून न राहता धान पिकत असे. कोसंबी ऊर्जेबाबत हेच सांगत होते. मात्र मालगुजारी तलावांचा इतिहास एक इशाराही देतो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. त्यानंतर देखभाल कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि अनेक तलाव गाळाने भरले. सौर संचांनाही हाच धोका आहे.

तारेबाहेरच्या घराला किती वीज लागते?

९ वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास, ३० वॉटचा डीसी पंखा दहा तास आणि मोबाइल चार्जिंग धरले, तर दिवसाला साधारण अर्धा युनिट वीज पुरते. २०० वॉटचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास वीज देतो. बॅटरीत जाणारी घट वजा केली तरी गरज भागते. अडचण येते ती पावसाळ्यात, ढगाळ दिवस सलग आले की. म्हणून बॅटरी निवडताना किमान एक दिवसाचा साठा शिल्लक राहील, असा हिशेब करावा लागतो.

२०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा पॅनल, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. शेतासाठी राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. त्यात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

२०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना मात्र वेगळी आहे. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण ते ग्रिडला जोडलेल्या संचासाठी. बॅटरी नसलेला असा संच गावातली वीज गेली की दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. अर्ज करण्यापूर्वी हा फरक समजून घेणे गरजेचे आहे.

कोसंबींचे काय खरे ठरले?

पॅनल स्वस्त झाले. बाजारातील चांगल्या पॅनलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या पुढे गेली. छतावरची वीज परवडू लागली. रात्रीची आणि कारखान्यांची गरज मात्र आजही मोठ्या प्रमाणात कोळशावर भागते. त्यांची वापराची अटही अर्धीच पूर्ण झाली आहे. पॅनल सुमारे २५ वर्षे चालतो, पण साधी लेड-अॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. योजनेची देखभाल मुदत संपली की हा खर्च त्याच घरावर येतो. म्हणून संच घेताना अनुदानाइतकीच चौकशी दोन गोष्टींची करायला हवी. बॅटरी बदलायला किती पैसे लागतील आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यात मिळेल का?